सतराव्या किलोमीटरची बाभळ

गाडी बंद पडली याचं राजेश्रीला काही वाटलं नाही. गेले तीन रविवार ती याच सुमाराला, परभणी सोडल्यापासून सतरा किलोमीटरवर, या एका बाभळीच्या जरा अलीकडे नाहीतर जरा पलीकडे बंद पडत होती. आधी एक हिसका, मग दुसरा, मग इंजिनाचा आवाज गपकन थांबायचा आणि ती जुनी दुधी रंगाची फियाट आपल्याच वजनानं घरंगळत रस्त्याच्या कडेला यायची. धक्का बसला तो डब्याचा. मामांनी डिकी उघडली, पाण्याची कॅन काढली, घडीचं स्टूल काढलं आणि मग कापडात बांधलेला डबा काढून सावलीत ठेवला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर दोन कांदे. बरोबर दोघांपुरतं. ती कापडाच्या गाठीकडे बघत राहिली. बहिणीच्या घरी जेवायला निघालेला माणूस वाटेत खायला भाकरी बांधून घेत नाही. ताडकळसला तानुआत्यानं अकरा वाजल्यापासून चूल पेटवून ठेवली असणार. म्हणजे ही भाजी परतताना, सकाळीच, मामांना ठाऊक होतं की आज आपण पोचणार नाही. आणि याहून अवघड गोष्ट अशी की तो डबा बघून तिला आतून अगदी हलकं वाटलं, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं.

“बस,” मामा म्हणाले. “गाडी थंड व्हायला पाऊण तास तरी लागंल. तवर खाऊन घेऊ.”

लिंबाजीराव तिचे सासरे. निदान फेब्रुवारीपर्यंत तरी होते. बहात्तर वर्षांचे, गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. उभ्या आयुष्यात इतक्या अडलेल्या गाई सोडवल्या की अजूनही कुठलीही वस्तू हातात घेताना ती जिवंत आहे असं धरून घ्यायचे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांना या भागातल्या रीतीनं मामा म्हणत आली होती. फेब्रुवारीत न्यायालयाचा कागद हातात पडला तसा तिचा आणि योगीराजचा संसार दोघांच्या संमतीनं संपला. कुणी कुणाला मारलं नव्हतं, कुणी दारू प्यालं नव्हतं, मूल झालं नाही म्हणूनही कुणी बोललं नव्हतं. योगीराज नोकरीसाठी पुण्याला गेला, ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेतली तिची नोकरी सोडून गेली नाही, आणि सहा वर्षांत फोन लहान लहान होत गेले. शेवटी शेवटी ते दोघं एकमेकांना फक्त मामांच्या गोळ्या विचारायचे. त्या दिवशी न्यायालयाबाहेर त्यांनी उभ्यानं चहा घेतला.  काहीतरी बोलायचं म्हणून योगीराजनं विचारलं होतं, “गाडी चालती का अजून?” आणि ती म्हणाली होती, “चालते की.” मग ती रिक्षात बसून घरी आली होती. घरी म्हणजे मामांकडे, कारण तिचं सगळं तिथंच होतं. तिचे कपडे, तिची स्कूटी, खिडकीतली कोरफड, आणि सासूबाई वारल्यापासून रोज संध्याकाळी दोघांनी मिळून निवडायची भाजी. मामांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. “अक्काला सांगावं लागंल,” एवढंच म्हणाले.

अक्का म्हणजे तानुबाई, मामांची थोरली बहीण. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची. हे लग्न तिनंच जुळवलेलं. फोनवर तिला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट फोनवर ओरडून सांगायची नव्हे, हे दोघांनाही पटलेलं. शिवाय दोघांच्याही मनात एक गोष्ट होती, जी कुणीच बोललं नव्हतं. आत्याला कळलं की भावकीला कळणार, आणि भावकीला कळलं की कुणीतरी पारावर बसून विचारणारच, लेकानं सोडली ती बाई अजून सासऱ्याच्या घरात कशी? त्याला उत्तर काय द्यायचं ते राजेश्रीला माहीत नव्हतं. तिनं मामांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. ते भाकरीचा पापुद्रा सोडवून त्यात भाजी भरत होते. रस्त्यावरून एस.टी. गेली, ताडकळसचीच पाटी असलेली. दोघांनीही ती पाहिली. एस.टी.नं जाता येतं, हे चार रविवारांत दोघांपैकी एकानंही म्हटलं नव्हतं. पहिल्या रविवारनंतर ती एकदा बोलली होती की सकाळी उन्हाच्या आत निघू या का. मामा म्हणाले होते, “सकाळच्या पारी अक्का घरी नसती.” ब्याऐंशी वर्षांची बाई सकाळी कुठं जाणार होती? पण तिनं पुन्हा विषय काढला नव्हता. सासूबाई, सरजाबाई, होत्या तेव्हा ताडकळसला जायचं तर पहाटेच निघायचे, थंड वाऱ्यात, डोक्याला रुमाल बांधून, आणि तेव्हा गाडी कधी बंद पडल्याचं तिला आठवत नव्हतं.

भाकरीचा दुसरा घास तोंडात असताना तिला अचानक स्वतःची लाज वाटली. डबा मामांनी बांधला होता, पण ती तरी काय करत होती? पर्समध्ये वाचायला मासिक घेऊन आली होती ती. दिवसभर प्रयोगशाळेत लोकांना सांगते की अंदाज करू नका, नमुना आणा, तपासून बघू, आणि इथं चार रविवार ‘जुनी गाडी, ऊन लय’ या एका वाक्यावर बसून राहिलीय. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि बॉनेटशी गेली.

“काय करायलीस?” मामांनी विचारलं.

“बघते.”

“पेट्रोल उडतंय उन्हानं. ओलं फडकं टाकलंय मी पंपावर. कदीर मिस्त्रीनं सांगितलं तसं.”

“पेट्रोल उडतंय का तेच बघते.”

मामा घास तसाच धरून उठले आणि कार्बुरेटरचं झाकण कसं काढायचं ते त्यांनी तिला सांगितलं. आत पेट्रोल होतं, भरपूर, वास नाकात चढला. म्हणजे उपाशीपोटी थांबलेली गाडी नव्हती ही. मग तिनं कॉलेजात शिकलेलं आठवून विचारलं, ठिणगी पडते का ते कसं बघायचं? तिनं झाकण परत बसवलं, सांडलेला थेंब पुसला. मामांनी प्लगची एक जाड वायर ओढून काढली, तिचं टोक प्लास्टिकच्या पकडीनं इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं आणि तिला चावी फिरवायला सांगितली. इंजिन घरघरलं. वायरीच्या टोकाशी काहीच झालं नाही. “न्हाई,” मामा म्हणाले. पाऊण तासानं, बाभळीची सावली त्यांच्या पायांवरून सरकून गेल्यावर, तिनं पुन्हा चावी फिरवली तेव्हा तिथं निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पडत होती. मामांच्या चेहऱ्यावर तिला आनंद दिसला आणि आनंदाच्या मागोमाग दुसरं काहीतरी, आपलं काहीतरी हातातून जाणार असल्याचं. गाडी सुरू झाली. त्यांनी ती परभणीकडे वळवली. “आता अक्काकडं पोचायला उशीर हुईल,” ते म्हणाले. ती हो म्हणाली. परतताना तिला वाटत राहिलं की आपण दोघं एका वर्गातली दोन पोरं आहोत, अभ्यास न केलेली, आणि मास्तर आजही आले नाहीत.

त्या आठवड्यात तिनं एक वही केली. निळ्या पुठ्ठ्याची, प्रयोगशाळेतल्यासारखी. रविवारचं ऊन, किती किलोमीटर, किती वाजता, ठिणगी आहे की नाही, किती वेळानं परत आली. मामा वहीकडे आधी परक्या माणसाकडे बघावं तसं बघत, मग एका संध्याकाळी त्यांनीच तिच्यात पेनानं लिहिलं: ‘घरून निघताना हवा डाव्या मागच्या चाकात कमी.’ त्याचा ठिणगीशी काही संबंध नव्हता. तिनं ते तसंच राहू दिलं. कदीर मिस्त्रीचं गॅरेज वसमत रोडला होतं. साठीचा, दाढीला मेंदी लावलेला, फियाट म्हटलं की अजून डोळे बारीक करून ऐकणारा. त्यानं कंडेन्सर बदलून दिलं. “ये गरम हुआ तो सो जाता मैडम,” तो म्हणाला, “नया डाल दिया, अब नक्को फिकर करो.” पुढच्या रविवारी गाडी सोळा किलोमीटरवर बंद पडली. त्या रविवारी राजेश्रीनं घरातली करोनाच्या काळातली कपाळाला लावायची तापमापक बंदूक बरोबर घेतली होती. ती तिनं एकेका भागावर धरली. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर धरली, वायरींवर धरली, शेवटी कॉईलवर, त्या पेलाएवढ्या काळ्या नळकांड्यावर. बंदूक पिप् पिप् करून लाल झाली आणि तिच्यावर दोन इंग्रजी अक्षरं आली.

“काय म्हणायली ती?” मामांनी विचारलं.

“हाय म्हणतीय.”

“काय हाय?”

“नुसतंच हाय.”

मामांनी थोडा विचार केला. “असंल,” ते म्हणाले, आणि मग तिला हसू आवरेना. मोजता येईल त्याहून जास्त ताप आहे एवढंच ते यंत्र इंग्रजीत सांगत होतं, पण मामांचा तो ‘असंल’ इतका गंभीर होता की ती मडगार्डला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तेही हसले, का हसतोय ते न कळता. त्या हसण्यात कधीतरी तिला जाणवलं की योगीराजबरोबर ती शेवटची कधी हसली ते तिला आठवत नाही, पण या माणसाबरोबर ती गेल्या मंगळवारीच हसली होती, आणि त्याआधी संक्रांतीला. नवरा नसलेल्या घरात सहा वर्षं ती राहिली ती काही फक्त नोकरीसाठी नाही. हे कुणाला कसं सांगायचं? अशा राहण्याला भाषेत शब्दच नव्हता. मुलगी म्हणावं तर तिचे वडील जिवंत होते, सेलूला, तिच्या भावाकडे, आणि ते तिला दर आठवड्याला विचारायचे, कधी येतेस? सून म्हणावं तर कागद होता. भाडेकरू म्हणावं तर भाडं नव्हतं. ती डोळे पुसत होती तेव्हा मामांनी पंपावरचं ओलं फडकं उचलून कॉईलला गुंडाळलं. आठ मिनिटांत गाडी सुरू झाली. वहीत तिनं खाली दोन रेघा ओढून लिहिलं: कॉईल.

नवी कॉईल आली. मामांनी जुनी दुकानात नेऊन दाखवली आणि अगदी तशीच मागितली, एक आकडासुद्धा इकडचा तिकडे नको. दोन दिवस घरात उत्साह होता. पुढच्या रविवारी नवी कॉईलही सतराव्या किलोमीटरला झोपली. या वेळी राजेश्रीनं प्रयोगशाळेतली जुनी काचेची तापमापी कॉईलला दोऱ्यानं बांधून आणली होती, तिचा पारा एकशे चारवर होता. डबा होताच. पण आज तिला घास गिळेना. एक वाईट भाग असता तर गोष्ट सोपी होती, तो बदलायचा. पण चांगला, कोरा भागही तसाच तापतो, म्हणजे दोष त्याच्यात नाही. त्याला जे सोसायला लावलंय त्यात आहे. हे वाक्य मनात आलं आणि तिनं पटकन रस्त्याकडे बघितलं. दूरवर कापूस निघून गेलेली काळी, भेगाळलेली रानं उन्हात थरथरत होती.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या, कपडेही न बदलता तिनं मीटर लावून कॉईल मोजली. दीड ओहम. वहीत भागाकार केला. बारा व्होल्टला आठ अँपिअर. इतका प्रवाह त्या नळकांड्यातून सतत जात असेल तर ते तापणार नाही तर काय करणार? ती वही घेऊन स्कूटीवर कदीर मिस्त्रीकडे गेली. त्यानं आकडे वाचले नाहीत, फक्त कॉईलवरचा नंबर ऐकला आणि हातातला पाना खाली ठेवला.

“अरे! ये कॉईल अकेली नै लगती बिटिया. इसके साथ एक सफेद पत्थर आता था, इत्ता, बोट के बराबर. आधा बोझ वो उठाता. गंगाखेडवाले डॉक्टर साबने लगवाया था, जिनसे लिंबाजी साबने गाडी ली. मेरेच हाथ से लगा था वो. वो किधर गया?”

घरी येऊन तिनं बॉनेट उघडलं. कॉईलच्या शेजारच्या पत्र्यावर धूळ पुसली तर दोन रिकामी भोकं दिसली, स्क्रूची, गंजानं तांबूस झालेली. आणि जिथं तो पांढरा दगड असायला हवा होता तिथून एक वायर सरळ कॉईलला गेली होती. जोडावर निळी टेप गुंडाळलेली होती. टेपवर बॉलपेननं, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, ‘बॅटरी +’ असं लिहिलेलं. ते अक्षर तिनं कितीतरी ठिकाणी पाहिलं होतं. किराण्याच्या याद्यांवर, लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या कार्डावर, न्यायालयातल्या अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात. मामा कधी मागं येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही.

“त्याला हात नको लावूस,” ते म्हणाले.

ती थांबली.

“योगीनं केलंय ते. तुमच्या लग्नानंतरची पैली दिवाळी. सकाळी गाडी सुरूच हुईना. घरात पाव्हणे. तुला आठवत नसंल, तू आत पुऱ्या लाटायलीस. हे पोरगं दोन तास खाली मान घालून. कधी पान्याला हात न लावलेलं पोरगं. कुठंतरी वाचलं की काय की. तो दगड काढला, वायर सरळ जोडली. चावी मारली की फट्दिशी सुरू! असा आरडला म्हणून सांगू. ‘बाबा, बघा, बाबा, बघा.’ तेवीस-चोवीस वर्साचा बाप्या, आन् लेकरागत नाचायला.” मामांनी चष्मा काढला. “मला तवाच वाटलं हुतं, हे बरं न्हाई. डॉक्टरनं उगं बसवलं नसंल. पण म्हणलं, ऱ्हाऊ दे. नंतर कॉईली जळायच्या दोन-तीन वर्साला, नवी घालायचो. म्हणायचो, कंपनीचा माल पैल्यासारखा ऱ्हायला न्हाई.”

राजेश्रीला ती दिवाळी आठवत होती. पुऱ्या आठवत होत्या, बाहेरून आलेली आरोळी आठवत होती आणि काळ्या हातांनी स्वयंपाकघरात येऊन तिच्या गालाला ग्रीस लावून पळालेला तो. सासूबाई रागावल्या होत्या, हसत हसत. एवढ्या वर्षांत तिला वाटत आलं होतं की कुठंतरी एक चूक असणार, कुणाची तरी, आणि ती सापडली की सगळं कळेल. आता समोर चूक होती, निळ्या टेपमध्ये बांधलेली, आणि ती एका आनंदी सकाळी, बापाला खूष करायला, अगदी मनापासून केलेली होती. तिला राग आला नाही. योगीराजविषयी इतकं मऊ तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

“राहू दे मामा,” ती म्हणाली. “आपण दुसरी कॉईल बघू. तीन ओहमची मिळते, तिला दगड लागत नाही. वायर तशीच राहील.”

मामा आत गेले. माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा, डबा पडल्याचा आवाज आला. ते आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात गाईच्या नाकातल्या वेसणीच्या कड्या, सुया, घड्याळाचे पट्टे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पांढरा, बोटाएवढा, कडेला किंचित भाजलेला दगड होता. “टाकून कसा देणार?” ते ओशाळून म्हणाले. मग त्यांनीच नखानं टेपचं टोक उकललं, हळूहळू सोडवली, आतला चिकट काळेपणा धोतराला पुसला. ‘बॅटरी +’ची ती निळी पट्टी त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. “बसव,” ते म्हणाले.  तिनं दोन स्क्रू आवळले. चावी मारल्यावर गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली नाही. तीनदा घरघरली, मग लागली. “थंडीत जरा उशिरा लागंल,” मामा म्हणाले, “लागू दे.”

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ते बाराला निघाले. डबा नव्हता. ते तिनं दाराला कुलूप लावतानाच पाहिलं. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. गाडी शहराबाहेर पडली, डांबर उन्हात पाण्यासारखं चमकत होतं, खिडकीतून येणारा वारा चुलीच्या तोंडासारखा. पंधरा. सोळा.  ती कान देऊन त्या पहिल्या हिसक्याची वाट बघत होती. थांब, ती मनात गाडीला म्हणाली. आजच्या दिवस थांब, एकदाच. मग स्वतःचीच कीव आली. बाभळ दिसली, जवळ आली, तिच्याखाली त्यांनी बसून बसून सपाट केलेली जागा, एक कांद्याची वाळलेली सालही असेल, आणि मागं गेली. मामांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. “चालली,” ते म्हणाले. आवाजात अभिमान होता आणि भीती, सारख्याच मापानं. वहीत लिहिण्यासाठी तिनं मोहरी मोजावी तसे किलोमीटर मोजले, पण पेन उघडलं नाही.

तानुआत्या ओसरीवर बसली होती, पाय पसरून, शेवग्याच्या शेंगा सोलत. सुरकुत्यांनी भरलेला लहानसा चेहरा, कानात सोन्याच्या बुगड्या, कपाळ मोकळं. “आलाव का?” ती म्हणाली. “सहा आयतवार सयपाक करून मी आन् कुत्रं खायलाव.” जेवण झालं. ठेचा तिखट होता, मामांना ठसका लागला, त्यांना पाणी पुरेना. मग ते म्हणाले, “अक्का, एक सांगायचंय,” आणि पुढं त्यांना बोलताच येईना. राजेश्रीनंच सांगितलं. सरळ, जवळ जाऊन, आत्याच्या बऱ्या कानात. कागद झाला. दोघांच्या मर्जीनं. फेब्रुवारीत. मी अजून मामांकडंच आहे.

तानुआत्यानं शेंगेची शीर ओढून काढली. “फारकत झाली म्हण की.”

“हो.”

“दुसरी बाई हाय त्याला?”

“नाही आत्या. नाही वाटत.”

“मारायचा?”

“नाही.”

“मंग बरं झालं. भांडून झाल्यावर माणूस लय दिवस कडू ऱ्हातंय.” ती मामांकडे वळली. “एवढ्यासाठी तोंड लपवून बसलास व्हय रं सहा आयतवार? मला वाटलं तुला कुठला रोग झाला.”

“अक्का, लोकं—”

“लोकं मला इचारतेत का? मला दोनदा हळद लागली, लोकं काय म्हणाली?”

 बाहेर कुठंतरी पाण्याची मोटार चालू झाली. तानुआत्यानं शेंगांची परडी बाजूला सारली आणि कुणाच्या तरी शेताची हकिगत सांगावी तशी सांगितली. तेराव्या वर्षी तिला पहिल्यांदा दिलं होतं. पोखर्णीच्या वाटेवरचं गाव. नवरा बरा होता, गरीब, पण दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. का, ते तिला आजही सांगता येत नाही. तीनदा पळून आली. सतराव्या वर्षी पंच बसले, काडी मोडली, फारकत झाली. तो रडला, ती नाही रडली, मग घरी येऊन रडली. वर्षानं ताडकळसला पाट लागला आणि इथं साठाहून जास्त वर्षं काढली.

“मला कुणी सांगितलं न्हाई कधी,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता.

“तू सहा-सातचा. तुला म्हणलं, अक्का आजारी हाय म्हणून घरी ऱ्हायलीय.”

“ते वरीस मला आठवतंय,” मामा हळूच म्हणाले. “तू मला रोज कडंवर घेऊन वढ्यावर न्यायचीस. मी देवाला म्हणायचो, अक्काला बरं करू नको म्हणून.”

तानुआत्यानं मांडीवरची साल झटकली. मग राजेश्रीला म्हणाली, “आन् तू ऱ्हा की तिथंच. तुझं काम तिथं, ह्याला तुझ्याबिगर चहा जमत न्हाई. का जावं? जावं वाटंल तवा जा. कुणी इचारलं तर म्हणावं, ताडकळसच्या म्हातारीला इचारा.” एवढं बोलून ती उठली, कोनाड्यातून चपला काढल्या. “गाडी चालू हाय ना? मंग मला पोखर्णीला न्या. नरसोबाच्या देवळात जाऊन सात-आठ वरसं झाली.”

“अक्का, ह्या उन्हात?”

“ऊन काय आज पैल्यांदा पडलंय?”

तिला पुढं बसवलं, राजेश्री मागं बसली. आतल्या रस्त्यानं निघाले. दोन्ही बाजूंना कडुनिंब, मध्येच एखादी उसाची हिरवी पट्टी. आत्या खिडकीच्या काचेला बोटं लावून बघत होती, लहान मुलीसारखी. राजेश्रीच्या मनात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात तिला इतकं मोकळं वाटत होतं की भीती वाटावी. एका गावाच्या पाटीशी आत्यानं मामांच्या मनगटावर हात ठेवला. “थांबव.” मामांनी गाडी कडेला घेतली. चावीकडे गेलेला हात थबकला, आणि मग त्यांनी ती फिरवली. इंजिन शांत झालं. आत्या उतरली, पदर डोक्यावर ओढून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सिमेंटची घरं, एक मोबाईलचा मनोरा, दुकानाच्या पत्र्याखाली बसलेली दोन माणसं. ती काय शोधत होती ते तिलाच ठाऊक. दुकानातला एक पन्नाशीचा माणूस पुढं आला.

“कुणाकडं जायचंय आजी?”

“कुणाकडं न्हाई बाबा. वाटंवरचं गाव हाय, पाणी प्यावं म्हणलं.”

त्यानं आत जाऊन तांब्या भरून आणला. आत्यानं दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. मग तिचा सगळा चेहरा आक्रसला, आणि पुढच्या क्षणाला ती हसायला लागली, बोळक्या तोंडानं, खांदे हलवत.

“काय झालं आत्या?”

“तसंच हाय गं,” ती म्हणाली. “मचूळ. पासष्ट वरसं झाली, अजून मचूळच हाय.”

तो माणूस गोंधळून दोघींकडे बघत होता. राजेश्रीनं आत्याच्या हातातून तांब्या घेतला. पाणी खरंच खारट, कोमट होतं. ती ते घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.